पिवळा दिवा, सात वेळा

जिनिव्हा, सोमवार, १४ जानेवारी १९६३

लिडी,

श्रीमती होलरीडर जिवंत आहेत आणि पुन्हा साक्षीला उभ्या राहणार आहेत, म्हणून हे पत्र लिहावं लागत आहे. एरवी मी लिहिलं नसतं. चौदा वर्षं तूही लिहिलं नाहीस.

सरकारी वकील नॉयडेकर यांचं टपाल शनिवारी आलं. ज्या आश्रयगृहाच्या खटल्यात तू आणि मी दुभाष्याचं काम केलं, त्याच्या मुख्य डॉक्टरवर, श्टाइनलेख्नरवर, आता पहिल्यांदा खटला उभा राहतो आहे. १९४८ साली आरोपीच्या बाकावर फक्त दोन परिचारक होते. युद्धाच्या काळात तिथल्या रोग्यांना मारायची इंजेक्शनं डॉक्टर स्वतः देत असे, हे पाहणारं कुणी मिळालं नव्हतं. पाहणारी एकच होती, होलरीडरबाई. ती तिथे कपडे धुवायची, आणि तिची सोळा वर्षांची मुलगी रेगीना फेफऱ्यामुळे तिथेच दाखल होती. ती साक्षीला उभी राहिली आणि म्हणाली, मी काही पाहिलं नाही.

आता ती म्हणते, पाहिलं. डॉक्टरचा वकील विचारतो, शपथेवर नाही म्हणालात ते खोटं की हे? तिचं उत्तर तुला माहीत आहे. ती म्हणते, पिवळा दिवा लागत होता.

नॉयडेकर तरुण आहेत. त्यांना दिव्यांची काहीच कल्पना नव्हती. एका वेळी तीन भाषांत बोललं जायचं, सगळ्यांच्या कानाला हेडफोन असायचे, आणि बोलणारा घाईत बोलला तर काचेमागचा दुभाषी मागे पडायचा. म्हणून साक्षीदारासमोर दोन दिवे बसवलेले असत. पिवळा म्हणजे हळू बोला, लाल म्हणजे थांबा. बटणं पर्यवेक्षकाजवळ, म्हणजे माझ्याजवळ. हे सगळं त्यांना कळवायला मला दोन पानं लागली.

अडचण अशी आहे की प्रत्येक साक्षीदाराला आधी दिव्यांचा अर्थ सांगायचा आणि तसं सांगितल्याच्या फॉर्मवर छोटी सही करायची, असा नियम होता. होलरीडरबाईंचा फॉर्म न्यायालयाच्या कागदांत आहे. त्यावर सही आहे: लि. रो., लिडी रोशा. म्हणजे कागद सांगतो की बाईंना सगळं समजावलं होतं. कागद असा आहे तोवर तिच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही, आणि तिच्याशिवाय डॉक्टरविरुद्ध दुसरा साक्षीदार नाही. तो सुटेल.

सोबत एका निवेदनाचा मसुदा पाठवते. त्यात एवढंच आहे की कामाच्या गर्दीत तू फॉर्मवर सही केलीस, पण प्रत्यक्ष सांगायचं राहून गेलं. नव्या मुलीच्या हातून अशी चूक होते. आता तू कुव्हे गावच्या शाळेत शिवण शिकवतेस. यावरून तुला कुणी काही करणार नाही. सही करून उलट टपाली पाठव. नॉयडेकर यांच्याकडे कागद पोचायची शेवटची तारीख १५ मार्च आहे. मजकुरात बदल हवा असेल तर समासात कर, खाडाखोड नको.

एर्मीन


जिनिव्हा, मंगळवार, २९ जानेवारी

लिडी,

मसुदा परत आला. सही नाही, चिठ्ठी नाही. पाकिटावर शाळेचा शिक्का आणि टंकलेला पत्ता. हे उत्तर नव्हे. नाही म्हणायचं असेल तर तसं लिही, शिकलेली आहेस.

तुला वाटत असेल की मी स्वतःला वाचवते आहे. एप्रिलमध्ये इथल्या दुभाषी-शाळेची प्रमुख म्हणून माझी नेमणूक व्हायची आहे हे तुला कुणीतरी सांगितलं असेलच. होय, तोही विचार मी केला. पण फक्त तोच नाही.

नॉयडेकर यांनी होलरीडरबाईंच्या साक्षीची नोंद पाठवली आहे. दिवा कधी लागला हे त्या नोंदीत नाही. माझ्या वहीत आहे. मी रोज मिनिटं टिपत असे, ती वही मी ठेवली आहे. काल दोन्ही शेजारी ठेवून वाचलं. त्यातलं थोडं उतरवते, तूही वाच.

"म्या दारातच हुते. डॉक्टरानंच पोरीला सुई टोचली. म्या माझ्या डोळ्यांनी बघितलं." पिवळा.

"म्हंजी, डॉक्टरावानी दिसलं कुनीतरी." पिवळा.

"पांढरा डगला हुता. पर डगला तर तितं समदेच घालत्यात." पिवळा.

"दार लोटल्यालं हुतं, साहेब. न्हाई. म्या काय बघितलं न्हाई."

यानंतर दिवा लागला नाही. कारण हे ती हळू बोलली.

मी नियमाप्रमाणे बटण दाबत होते. ती भराभर बोलत होती, तिची बोली डोंगराकडची, तू अर्धं वाक्य मागे पडली होतीस ते मला काचेतून दिसत होतं. मी तुझ्यासाठी दाबत होते. तिच्याकडे मी पाहतच नव्हते. पर्यवेक्षकाने दुभाष्याकडे पाहायचं असतं. हेच मी पुढे दरवर्षी मुलींना शिकवत आले.

जेवणाच्या सुट्टीत तू माझ्याकडे आलीस.

"ताई, ती बाहेर बाकावर बसलीय. मला विचारतेय, मी किती वेळा खोटी ठरले. तिने मोजलंय. सात."

"साक्षीदाराशी बोलायची परवानगी नाही तुला."

"तिला वाटतंय पिवळा म्हणजे खोटं. आत्ता जाऊन न्यायाधीशांना सांग. दुपारी ती पुन्हा उभी राहील."

"दुभाष्याने न्यायालयात स्वतःचं बोलायचं नसतं."

"मग लिहून दे."

"लिडी, जेवून घे. तीन वाजता तुझी पाळी आहे."

तू जेवली नाहीस. तीन वाजता मात्र बसलीस, आणि चांगलं काम केलंस.

मी गप्प का बसले ते तेव्हा तू विचारलं नाहीस. तू शाळेत होतीस तेव्हापासून मी हे काम करते. १९२८ साली, काचेच्या आधी, मी इथल्या मजूर परिषदेत व्यासपीठाखालच्या खळग्यात बसून पेल्यासारख्या मायक्रोफोनमध्ये तोंड घालून बोलत असे. मान अवघडायची. वर जुने दुभाषी असत. तासाभराचं भाषण ऐकायचं, मग उभं राहून ते जसंच्या तसं पुन्हा करायचं, टाळ्या घ्यायच्या. आम्हाला ते टेलिफोनवाल्या म्हणत. "काय हो टेलिफोनवाल्या, नंबर लागला का?" वीस वर्षं हे ऐकलं. ही पद्धत माणसाच्या बोलण्याचा खून करते, न्यायाच्या कामात तर नकोच, असं लिहून देणारे त्या १९४८ सालीही होते, आणि त्यांना एकच उदाहरण हवं होतं. ते मी माझ्या हाताने द्यायचं होतं का?

तू म्हणशील, द्यायचं होतं.

दिवस थोडे आहेत. दुसरा मसुदा जोडते. पहिल्यापेक्षा सौम्य आहे.

एर्मीन


जिनिव्हा, मंगळवार, १२ फेब्रुवारी

लिडी,

दुसरा मसुदाही परत आला. आता तिसरा पाठवणार नाही.

गेल्या गुरुवारी मी होलरीडरबाईंकडे गेले होते. नॉयडेकर यांना न विचारता गेले. ते चूक होतं. गाडी बर्फात चार तास अडकली. बाई आता सत्तरीच्या आसपास आहेत, भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहतात. नळ गोठला होता, शेजारणीकडून आणलेलं पाणी चुलीवर होतं. मी जुन्या खटल्यात काम करत होते एवढंच सांगितलं. त्यांनी खुर्ची पुसून दिली.

"काचंमागच्या बाया हुत्या, त्यातल्या तुमी?"

"हो."

"एक पोरगी हुती, बारीकशी. ती पानी घिऊन आली हुती मला. तिला म्या इचारलं, तर रडायाच लागली. तुमची कोन ती?"

"बहीण."

"बरी हाये न्हवं?"

मी म्हटलं, बरी आहे. मला ठाऊक नाही, तरी म्हटलं.

मग मी विचारलं की दिवा कोण लावतं असं त्यांना वाटलं होतं. त्या हसल्या. दात राहिलेले नाहीत.

"न्यायाधीश तर म्हातारा, डुलक्या काढत हुता. त्यो कशाला लावतोय? म्या म्हनलं, यंत्रालाच कळत आसंल. एवढ्या तारा, एवढी बटनं, चार देशांची मानसं कानाला लावून बसल्याली. खरं-खोटं वळखायचंच यंत्र आसंल ते."

"तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"मला कोन काय सांगतंय? म्हनले, हितं हुभी ऱ्हा, हात वर कर."

कॉफी पुढे केली. मग त्या जे बोलल्या ते मी तुला तसंच लिहिते, कारण मला ते माझ्यापाशी ठेवता येत नाही.

"पयला दिवा लागला तवा वाटलं, घाबरल्यामुळं चुकलं आसंल. दुसरा लागला. तिसरा लागला. मंग मलाच वाटाया लागलं, म्या खरंच बघितलं का? का पोरीच्या दुक्कानं डोकं फिरलं माजं? घरी आले. धा वरसं म्या मलाच खोटी म्हनत हुते, बाई. पोरीला शेवटचं कुनी धरलं हुतं ते आठवायचं, आन म्हनायचं, गप, तुला काय म्हाईत. मंग वरल्या गावचा मास्तर एकदा म्हनला, आगं खुळे, त्यो दिवा सावकाश बोल म्हनून आसतोय. सावकाश बोल म्हनून!"

त्या वेळी त्यांचा आवाज चढला, तेवढाच.

"आता खरं सांगत्ये तर म्हनत्यात, तुला सांगितल्याचा कागद हाये, म्हातारी खोटारडी. यंत्र बरं हुतं. निस्ता दिवा लावायचं, शिव्या तरी देत नव्हतं."

मी समोर बसले होते. बटण दाबणारा हात त्यांच्या मेजावर होता. कॉफी संपवली, आभार मानले आणि निघाले.

तिला सांगितलं नाही ते तुला लिहिते. तुला ते ठाऊक आहे. पण मी ते कुठेच कधी लिहिलं नाही, म्हणून लिहिते. दिव्यांचं सांगणं हे पर्यवेक्षकाचं काम होतं, तुझं नव्हतं. त्या सकाळी फ्रेंच हेडफोनांची तार तुटली होती आणि मी गुडघ्यांवर बसून ती शोधत होते. साक्षीदार येऊन उभी राहिली तेव्हा फॉर्म कोराच होता. तू मला सांगून गेलीस, त्यानंतर, जेवणाच्या त्याच सुट्टीत, मी तो भरला. ए. रो. लिहिणार होते. चौकशी झाली तर ती पर्यवेक्षकाची चूक, म्हणजे पद्धतीची चूक ठरेल, असं डोक्यात आलं. सहा आठवड्यांपूर्वी कामाला लागलेल्या मुलीची चूक ही नुसती मुलीची चूक. म्हणून लि. रो. लिहिलं. मन घट्ट करावं लागलं असंही नाही. सरळ लिहिलं.

चौकशीत त्यांनी तुझ्यापुढे फॉर्म धरला. "मी कुणालाही काही सांगितलेलं नाही," तू म्हणालीस. "मग ही सही?" तू सहीकडे पाहिलंस, मग माझ्याकडे. मी टेबलाकडे पाहत होते. तू माझं नाव घेतलं नाहीस. त्यांनी लिहिलं: नोंदीबाबत अविश्वसनीय, कामावरून कमी करावी. बाईंसाठी तू केलेली तक्रार दोन ओळींत निकालात निघाली. सही होती ना.

त्या साली एवढ्या भाषा येणारी मुलगी साऱ्या जिनिव्हात दुसरी नव्हती.

आणि गेल्या महिन्यात मी तुला तीच सही पुन्हा करायला सांगितली. दोनदा.

एर्मीन


जिनिव्हा, सोमवार, ४ मार्च

लिडी,

मी नॉयडेकर यांना सगळं सांगितलं आहे. शुक्रवारी, त्यांच्या कार्यालयात, तोंडी. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी पेन खाली ठेवलं.

"बाई, मला तुमचं पटतं. पण मला पटून भागत नाही."

"मी शपथेवर सांगेन."

"समोरचा वकील काय म्हणेल सांगू? ही सभ्य बाई म्हातारीला जाऊन भेटली, तिला तिची दया आली, आणि चौदा वर्षांनी तिने सगळं अंगावर घेतलं. भेटायला कशाला गेलात तुम्ही?"

ते पुढे म्हणाले, "फॉर्मवरची अक्षरं तुमची आहेत आणि बहिणीची नाहीत, हे दोन्ही दाखवायला हवं. हस्ताक्षरतज्ज्ञ तयार आहेत. तुमचं अक्षर तुम्ही द्याल. त्यांचं लागेल. आजचं नको, त्या काळातलं. आणि शक्यतो हीच दोन अक्षरं."

न्यायालयाच्या कागदांत तुझं अक्षर कुठेच नाही. फॉर्म नेहमी मीच भरत असे. चौकशीच्या कागदावर तू सही करायला नकार दिला होतास, ते बरोबर केलंस, पण आता त्याची अडचण झाली आहे. मी दोन तारा केल्या. तुझ्या शाळेत टेलिफोन केला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, "त्या वर्गात आहेत. मात्र मी त्यांना विचारलं, तर म्हणाल्या की शाळेत नाहीत म्हणून सांगा." एवढं सांगून त्या थोड्या ओशाळल्या. सरळ बाई दिसतात.

लिडी, मी माफी मागत नाही. मागितली तर ती देण्याचा भार तुझ्यावर येईल. मला तुझं पत्र नको, भेट नको. १९४८ सालची एखादी वही, पुस्तकावर घातलेलं नाव, काहीही. मला पाठवू नकोस, थेट नॉयडेकर यांना पाठव. पत्ता खाली आहे. माझ्यासाठी करू नकोस. त्या बाईने तुझी चौकशी केली. तू तिला पाणी नेऊन दिलंस हे तिच्या लक्षात आहे. मला माहीतही नव्हतं की तू पाणी नेलं होतंस.

ती एकवीस तारखेला साक्षीला उभी राहील. त्या न्यायालयात दिवे नाहीत. तरी ती कशी उभी राहील ते मला डोळ्यांसमोर दिसतं: प्रत्येक वाक्यानंतर थांबून समोर बघत.

अकरा दिवस आहेत.

एर्मीन


शुक्रवार, १५ मार्च
नॉयडेकर यांच्या कार्यालयाबाहेरच्या बाकावरून

लिडी,

तुझ्याकडून काही आलं नाही. सकाळपर्यंत थांबले, मग गाडी पकडली. पुढचा कागद त्यांच्या पोचपावतीवरून उतरवलेला आहे. त्यात तुझं काही आहे, म्हणून तुला कळवणं भाग आहे.

आज दुपारी सव्वातीन वाजता एर्मीन रोशा, राहणार जिनिव्हा, यांनी खालील वस्तू जमा केल्या:

१. स्वतःचं निवेदन, सात पानं, शपथेवर. साक्षीदार होलरीडर यांना दिव्यांचा अर्थ कुणीही सांगितला नव्हता आणि फॉर्मवरील "लि. रो." ही अक्षरं निवेदिकेने बहिणीच्या नकळत लिहिली, असा मजकूर.

२. दिव्यांची वही, जाड पुठ्ठ्याची. ऑक्टोबर १९४८. संबंधित पानावर सात नोंदी, मिनिटांसह.

३. अधिकाऱ्यासमोर "लि. रो." पन्नास वेळा लिहिलेला कागद. (बत्तिसाव्यानंतर हात दुखला, विश्रांती दिली असं त्यांनी नमूद केलं आहे.)

४. दुभाषी-शाळेला पाठवलेल्या राजीनाम्याची प्रत. ही त्यांनी मागितली नव्हती.

५. लिडी रोशा यांच्या हातची चिठ्ठी, एक. पेन्सिलने, २ नोव्हेंबर १९४८. मजकूर पूर्ण: "दूध संपलं आहे. किल्ली मालकीणबाईंकडे. लि. रो."

पाचवी वस्तू, तू खोली सोडून गेलीस त्या दिवशीची, परत कधी मिळेल असं मी विचारलं. पुराव्यात गेलेली वस्तू परत देत नाहीत, असं उत्तर मिळालं. कारकुनाने ती उजेडात धरली आणि नियमाप्रमाणे तिची अवस्था लिहिली: कागद चार घड्यांचा, पुष्कळ वेळा उघडल्याने घड्यांवर फाटलेला, अक्षरं वाचता येतात.

दिली: ए. रो.
घेतली: कार्यालयाचा शिक्का.